तीन नंबरची पिशवी

लाँड्रीतल्या मावशींचं नाक साऱ्या गल्लीत प्रसिद्ध होतं. तसं दिसायला साधंच, किंचित बसकं, चष्मा टिकेल न टिकेल इतपत. पण काउंटरवर कपडा आला की तो आधी त्या नाकापाशी जायचा, मग डोळ्यांपाशी, आणि मग कुठे पावती फाटायची.

"चहाचा डाग आहे," गिऱ्हाईक म्हणायचं.

"चहात बर्फ घालता का?" मावशी विचारायच्या. "आणि सोडा?"

गिऱ्हाईक इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात खरं काय ते सांगायचं. डाग कशाचा ते कळल्याशिवाय औषध लावता येत नाही, हे मावशींचं म्हणणं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. मावशींना मुळात माणसांचा संशय घ्यायला आवडायचं. काही जण भरतकाम करतात, काही जण कोडी सोडवतात. मावशी संशय घ्यायच्या. एका वकिलाचा कोट हुंगून त्या सहज बोलून गेल्या, "मागच्या महिन्यातलं अत्तर वेगळं होतं, नाही?" वकिलाने त्या दिवसापासून लाँड्री बदलली. मालकाने डोक्याला हात लावला. "मावशी, आपण कपडे धुतो, गिऱ्हाइकांना धूत नाही!"

नाक कितीही तल्लख असलं तरी त्याला एक खोड असते. एकाच वासात चार घटका बसवलं की ते त्या वासाला घरचा माणूस समजायला लागतं. बावीस वर्षांच्या नोकरीत मावशींना हे पक्कं ठाऊक झालं होतं. त्यावर लाँड्रीत एक रीत होती. संशयित कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, तोंड करकचून बांधायचं आणि तासभर बाजूला ठेवायचं. मग पिशवी नाकाशी नेऊन एकदम उघडायची. पहिला जो भपकारा येईल तो खरा. याला 'कोठडीत टाकणं' म्हणत, आणि मावशींच्या कोठडीतून आजवर एकही कपडा खोटं बोलून सुटला नव्हता. धूर निघाला तर पावतीवर मावशी ठळक अक्षरांत 'धूर' लिहायच्या. अशा कपड्याला दोनदा धुवावं लागतं. घाईत एकदाच धुतला तर इस्त्रीची वाफ लागताच आत झोपलेला वास उठून बसतो.

बुधवारी पत्त्यांच्या क्लबचा माल यायचा. वेटरांचे वीस कोट, टेबलांवरची जाड हिरवी कापडं आणि दारांचे मखमली पडदे. त्यांच्यावर 'धूर' न हुंगताच लिहिला जायचा. गाडीवाला ढीग दारात टाकून पसार व्हायचा, आणि मावशी तो पोटाशी कवटाळून, वरून हनुवटीने दाबून, आठ-दहा फेऱ्यांत आतल्या मशीनपर्यंत न्यायच्या. तिथे मागे वाफ आणि पुढे उघडं दार, म्हणजे पाठीला उन्हाळा आणि पोटाला हिवाळा. म्हणून मावशींच्या अंगात बाराही महिने एक तपकिरी लोकरी स्वेटर असायचा. तो त्या फारसा धूत नसत. लोकर सारखी धुवायची नसते, असं त्या गिऱ्हाइकांना सांगत आणि स्वतः तंतोतंत पाळत.

घरी तीन खोल्या आणि पाच माणसं. मावशींचे यजमान घड्याळजी होते. आता डोळ्यांनी दगा दिल्यामुळे ते फक्त ओळखीच्यांची घड्याळं दुरुस्त करायचे आणि ओळख नसलेल्यांना सल्ले द्यायचे. लेक होती, जावई होते, आणि साडेतीन महिन्यांची नात होती. नातीच्या नावावर अजून एकमत होत नव्हतं, म्हणून तोवर ठमी. जावई लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन वर्षं सासुरवाडीला राहत होते, आणि दोन वर्षं मावशी त्यांच्यावर डोळा, म्हणजे नाक, ठेवून होत्या. कारण एकच. लग्नाआधी जावई सिगारेट ओढायचे.

"बाळाची चाहूल लागली त्या दिवशी सोडली," लेक सांगायची.

"सोडली असेल," मावशी म्हणायच्या. 'असेल' हा शब्द त्या असा काही लांबवायच्या की त्यात सिगारेटचं अख्खं पाकीट मावावं.

ठमीला तीन आठवड्यांपासून खोकला होता. मोठा नव्हे, पण उतरतही नव्हता. छातीत मांजर घुरघुरावं तसा आवाज यायचा. आणि मावशींच्या एक गोष्ट ध्यानात आली होती: खोकला बुधवारी संध्याकाळी वाढायचा. बुधवारीच का? तर बुधवारी जावई तासभर लवकर घरी यायचे. आता याहून आणखी काय पुरावा हवा?

बाळांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ठमीची छाती तपासली आणि विचारलं, "घरात कुणी ओढतं का?"

"नाही," लेक म्हणाली.

"समोर कुणी ओढत नाही," मावशी म्हणाल्या.

लेकीने आईकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे पाहिलं.

"समोर न ओढून भागत नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर ओढून आलेल्या माणसाच्या कपड्यांवर, केसांवर, हातांवर धुराचा थर बसलेला असतो. दिसत नाही, पण असतो. त्या कपड्यांनिशी बाळाला घेतलं की तो तिच्यापर्यंत पोचतो."

इथे मावशींच्या धंद्यालाच हात घातला गेला. "अहो डॉक्टरीणबाई, बावीस वर्षं मी लोकांचे धुरकट कपडे हाताळतेय. वासाने माणूस आजारी पडला असता तर माझं कधीच बारावं उरकलं असतं."

"तुमचं वजन किती?"

मावशींनी प्रश्न ऐकू न आल्यासारखं केलं.

"हिचं साडेपाच किलो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा ही दुप्पट वेगाने श्वास घेते. तुम्ही कपडा हातात धरता, ही त्यात तोंड खुपसून झोपते. बाही चोखते. नुसता वास असता तर प्रश्न नव्हता; वासाबरोबर कपड्यावर बसलेलं विषही थोडं थोडं सुटत असतं. नेमका किती अपाय होतो, यावर अजून अभ्यास चाललाय. पण तो शोध ठमीच्या छातीवर लागायला नको, एवढंच माझं म्हणणं. ओढणाऱ्याने घरात येताच कपडे बदलायचे, हात-तोंड धुवायचं, मग बाळाला घ्यायचं."

मावशी तडक निघाल्या त्या मनाशी खटला उभा करतच. कपड्यांवर धूर! म्हणजे गुन्हेगाराने गुन्हा बाहेर केला, तरी मुद्देमाल त्याच्या अंगावरच असणार. आणि कपड्यांवरचा मुद्देमाल शोधायला साऱ्या शहरात मावशींहून लायक कोण होतं?

पुरावा क्रमांक एक, लवंग. जावयांच्या खिशात लवंगांची पुडी असायची आणि गालात कायम एखादी लवंग. "दात दुखतो का?" मावशींनी गोड आवाजात विचारलं. "नाही, तल्लफ आली की चघळतो," जावई भोळेपणाने म्हणाले. तल्लफ! म्हणजे आहे अजून. आणि लवंग कशाला, तर तोंडाचा वास मारायला, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

पुरावा क्रमांक दोन आणखी भारी निघाला. जावई फाटकातून आत शिरायचे, जिन्यावर त्यांच्या बुटांचे आवाज यायचे, पण घराचं दार वाजायचं ते वीस मिनिटांनी. दुसऱ्या मजल्याला वीस मिनिटं? लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला? एका सोमवारी मावशी लाँड्रीतून मुद्दाम लवकर निघाल्या आणि कपडे वाळत घालायचं निमित्त करून, हातात कोरडी बादली घेऊन, गच्चीच्या दाराआड उभ्या राहिल्या.

जावई वर आले. इकडेतिकडे पाहिलं. अंगातला शर्ट काढून एका पिशवीत कोंबला. टाकीच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, डोकंसुद्धा ओलं केलं. मग दुसऱ्या पिशवीतून घडी घातलेला शर्ट काढून चढवला आणि शीळ घालत खाली गेले.

पुरावा नष्ट करणारा माणूस मावशींनी प्रत्यक्ष पाहिला होता!

जेवणं होत येईपर्यंत त्यांनी तोंड शिवून ठेवलं. मग ताक वाढता वाढता म्हणाल्या, "जावईबापू, गच्चीवर पाणी गार असतं का हो?"

जावयांचा घास अडकला. लेक पटकन म्हणाली, "आई, तू पाळत ठेवलीस?"

"मी कपडे वाळत घालायला गेले होते."

"कुठले कपडे?" घड्याळजींनी भिंग पुसत विचारलं. "बादली रिकामी होती."

"तुम्ही घड्याळं बघा!"

जावयांनी पाणी पिऊन खुलासा केला. लिफ्टच्या यंत्रखोलीत त्यांच्याबरोबर एक जोडीदार असतो. तो दिवसभर ओढतो. खोली माचिसच्या पेटीएवढी. ठमी पंधरा दिवसांची असताना डॉक्टरीणबाईंनीच त्यांना कपड्यांचं सांगितलं होतं, तेव्हापासून ते बदलूनच घरात येतात.

"आणि हे मला का सांगितलं नाही?"

जावई सज्जन होते. उत्तर लेकीने दिलं. "कारण तू त्या जोडीदारावरही विश्वास ठेवला नसतास."

"नाहीच ठेवत! म्हणे जोडीदार ओढतो. प्रत्येक चोराचा एक जोडीदार असतोच!"

आता लेक उठून उभी राहिली. लेक मावशींचीच होती, त्यामुळे ती चिडली की घरातली भांडीसुद्धा गप्प बसायची. "ठीक आहे. एवढा संशय आहे ना, मग होऊन जाऊ दे. टाक कोठडीत. पण एकट्याला नाही, सगळ्यांना. ठमीला घेताना ज्याच्या अंगात जे असतं, ते पिशवीत. बाबांचं, माझं, याचं आणि तुझंही."

"माझं? घाल की! कर नाही त्याला डर कशाला?"

"आणि धूर निघाला तर?"

"ज्याच्या पिशवीत धूर, त्याने ठमीला हात लावायचा नाही," मावशींनी जागेवर शिक्षा सुनावली. "डॉक्टरीणबाई छाती साफ आहे म्हणेपर्यंत."

"कुणीही असो?"

"कुणीही असो. माझा बाप वरून खाली आला तरी त्याला हाच नियम."

बुधवार ठरला, अर्थात मावशींच्या हट्टाने. त्या दिवशी ठमी चौघांच्याही अंगाखांद्यावर खेळून झाली. शेवटी मावशींच्या खांद्यावर झोपली, रोजच्यासारखी, स्वेटरच्या लोकरीत गाल दाबून. मग एकेकाने अंगातला कपडा उतरवला आणि घड्याळजींनी तो आतल्या खोलीत नेला. काळ्या पिशव्या त्यांनी बांधल्या, आकडे त्यांनी टाकले, कुठली कुणाची ते कागदावर त्यांनीच लिहिलं. पक्षपात नको म्हणून. घड्याळजींनी तासही सेकंदाला सेकंद मोजला. त्या तासात ठमी झोपेतच दोनदा खोकली, आणि दोन्ही वेळा मावशींनी जावयांकडे असं पाहिलं की ते बिचारे बसल्या जागी सरकले.

मावशी खुर्चीवर बसल्या. चष्मा काढला, डोळे मिटले. घड्याळजींनी पहिली पिशवी नाकाशी धरून सोडली.

"दूध. बाळाचं तेल. झोप झालेली नाही," मावशी म्हणाल्या. "ही लेक माझी. सोडा तिला."

दुसरी.

"घड्याळाचं तेल. पाठीचा बाम." मग नाक आक्रसलं. "आणि पेपरमिंट! अहो, तुम्हाला साखर बंद सांगितलीय ना?"

"विषय धुराचा चालू आहे," घड्याळजी घाईने म्हणाले आणि पुढची पिशवी सोडली.

मावशी एकदम मागे रेलल्या. मग सावरल्या, पुढे झुकल्या आणि दोन्ही हातांनी पिशवी धरली. चेहऱ्यावर विजयाचं तेज पसरलं.

"सापडला! धूर! आणि थोडाथोडका नव्हे. ही साधी सिगारेट. ही फिल्टरची. आणि हा... थांबा... हा सिगार आहे! जावईबापू, सिगार? आणि पाईपसुद्धा? अहो, माणूस आहात की गिरणीचं धुराडं? वर दारू सांडलीय ती निराळीच! लेकी, आता बोल! सांगत होते की नाही? तीन आठवडे घसा फोडून सांगतेय!"

मावशींनी डोळे उघडले. घड्याळजी कागद भिंगातून पाहत होते. त्यांनी तो एकदा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"वाचा ना!"

"अगं," घड्याळजी म्हणाले, आणि इतक्या हळू आवाजात ते गेल्या कित्येक वर्षांत बोलले नव्हते, "तीन नंबर म्हणजे तुझा स्वेटर."

खोलीत घड्याळं टिकटिकत होती. दुरुस्तीला आलेली बंद घड्याळंही टिकटिकल्यासारखी वाटली.

"काहीतरीच काय? अदलाबदल झाली असेल. आणा ती चौथी!" चौथीतून साबण आला, थोडं ग्रीस आणि लवंग. मावशींनी तिसरी पुन्हा ओढली, आत हात घातला. हाताला तीच तपकिरी लोकर लागली, कोपरापाशी स्वतः रफू केलेली. "पण मी ओढत नाही! आयुष्यात कधी ओढलेली नाही!"

जावयांना दोन वर्षांचं उट्टं काढायची याहून चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "जोडीदार ओढत असतील, आई."

लेकीने तोंडावर पदर धरला, घड्याळजींना ठसका लागला. पण मावशींना हसू आलं नाही. त्यांनी पिशवीत पुन्हा नाक घातलं. आता त्यांना सगळं स्वच्छ वाचता येत होतं. वेटरांचे कोट. हिरवी कापडं. मखमली पडदे. पोटाशी धरून नेलेली एकेक फेरी. क्लबातल्या साऱ्या खेळाडूंचा आठवडाभराचा धूर त्या दर बुधवारी अंगावर घेऊन घरी आल्या होत्या, आणि सबंध शहराच्या बाह्या हुंगणाऱ्या नाकाने त्याला घरचा माणूस समजून आत घेतलं होतं. ठमी रोज संध्याकाळी त्यावर गाल ठेवून झोपत होती.

या गडबडीने ठमी जागी झाली. तिने आजीला पाहून हातपाय नाचवले. मावशी नेहमीसारख्या दोन पावलं पुढे गेल्या, आणि मग थांबल्या. हात पाठीमागे बांधले.

"आई, अंघोळ कर आणि घे की," लेक म्हणाली.

"निकाल म्हणजे निकाल."

"अगं, तो तूच दिलास."

"म्हणूनच," मावशी म्हणाल्या आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीच्या मालकाशी गाठ होती. क्लबचा माल यापुढे पिशव्यांत बांधूनच यायला हवा. तो ढकलगाडीवरून न्यायचा, पोटावरून नाही. अंगावर घालायला लांब डगला हवा, तो तिथेच काढून तिथेच धुवायचा.

"बावीस वर्षं चाललं ना?" मालक म्हणाला.

"तुमच्या घरात लहान मूल आहे?"

"आहे की, मुलाचा मुलगा. पाच महिन्यांचा."

"बुधवारी क्लबचे हिशेब आणायला तुम्हीच जाता ना? बसता ना तिथे घटकाभर?" मावशींनी नुसता त्याच्या कोटाच्या बाहीकडे कटाक्ष टाकला. मालकाने बाही मागे घेतली. संध्याकाळपर्यंत ढकलगाडी आली.

स्वेटर तीन वेळा धुतला गेला. तिसऱ्या वेळीही कोठडीतून बाहेर आल्यावर त्याने पुन्हा धुराची जबानी दिली, तेव्हा मावशींनी तो लाँड्रीतल्याच खुंटीला जन्मठेपेवर टांगला. रोज निघताना त्या तिथल्या नळावर केस धुवायच्या, सुती पोलकं-लुगडं बदलायच्या आणि ओल्या डोक्याने घरी यायच्या. घरी आल्यावर ठमीपासून चार हातांवर बसून तिला तोंडाने खेळवायच्या. ठमी रडली की त्यांचे हात आपोआप उठायचे, आणि त्या ते मांडीखाली दाबून धरायच्या. नऊ दिवस झाले.

दहाव्या दिवशी लेक दवाखान्यातून आली. छाती साफ होती.

"म्हणजे माझ्या स्वेटरमुळेच होतं ना?" मावशींनी विचारलं.

"तेच विचारलं मी. म्हणाल्या, शपथेवर सांगता येणार नाही, खोकला आपोआपही उतरतो. पण तो स्वेटर घरात परत आणू नका."

शपथेवर न बोलणाऱ्या माणसांचा मावशींना एरवी भयंकर संशय यायचा. या वेळी त्या नुसतं "बरोबर आहे" म्हणाल्या.

शिक्षा संपली होती. तरी त्या संध्याकाळी दोनदा हात धुऊन, ओले केस पंच्यात गुंडाळून, त्या खोलीच्या उंबऱ्यावरच घुटमळल्या. जावई ठमीला छातीशी धरून येरझारा घालत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मावशींनी घसा खाकरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाह्या ओढणाऱ्या बाईने आपली बाही पुढे केली.

"जावईबापू, जरा हुंगून बघा."

जावई गोंधळले. "मी? तुमच्यापुढे?"

"माझ्या नाकावर माझा भरवसा नाही राहिला. बघा."

जावयांनी अदबीने मान वाकवून बाही हुंगली. खांद्यापाशी हुंगली. बराच वेळ विचार केला. मावशींचा जीव टांगणीला लागला.

"काही कळत नाही, आई."

"नीट बघा."

"कसं कळणार? नाक चोंदलंय. सकाळपासून सर्दी झालीय."

"सर्दी?" मावशी कडाडल्या. "सर्दी झालीय आणि लेकराला छातीशी घेऊन फिरताय? तिची छाती आज कुठे साफ झालीय! आणा इकडे, आधी आणा! आणि जा, तोंड धुवा!"

जावयांनी ठमीला चटकन त्यांच्या हातात दिलं आणि मोरीकडे निघून गेले.

ठमी मावशींच्या खांद्यावर थोडी वळवळली, सुती पोलक्यात तोंड घासून तिने जागा शोधली आणि पाच मिनिटांत तिचा श्वास संथ झाला. तेवढ्यात मोरीतून शीळ ऐकू आली. चांगली मोकळी, खणखणीत शीळ. नाक चोंदलेल्या माणसाला अशी शीळ घालता येते का? मावशींचे कान टवकारले. याची चौकशी करायला हवी होती. आत्ताच्या आत्ता. पण ठमी गाढ झोपली होती, आणि उठायची सोय नव्हती.